प्रशिक्षण वर्ग संपल्यानंतर

प्रसूती घरी व्हावयाची की रुग्णालयात, हा प्रश्न आपल्या राज्यात आता बव्हंशी मिटला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ साली, देशातील जेमतेम चतुर्थांश प्रसूती आरोग्य संस्थांत होत असल्याचे दिसून आले होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण देशात शेकडा ८८.६, तर महाराष्ट्रात शेकडा ९४.७ इतके आढळले. रस्ते, रुग्णवाहिका, जननी सुरक्षा योजना आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या यांचा या स्थित्यंतरात मोठा वाटा आहे. परंतु मातेला रुग्णालयाच्या दारापर्यंत आणण्याचे काम पार पडले, की दुसरी जबाबदारी सुरू होते. ती दाराच्या आत काम करणाऱ्या माणसांची होय.

ही जबाबदारी किती नाजूक असते, हे जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटावरून ध्यानात यावे. जन्मणाऱ्या दर शंभर बालकांपैकी सुमारे दहांना पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते. त्यांतील बहुतेकांना अंग कोरडे करून पाठ चोळली, तरी पुरते. थोड्या बालकांना मात्र अंबू बॅग व मास्क लावून हवा द्यावी लागते, आणि ती पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावी लागते. वैद्यक व्यवहारात या मिनिटाला 'सुवर्ण मिनिट' असे नाव आहे. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता हे मिनिट येते, तेव्हा वैद्यकीय अधिकारी कदाचित जिन्यात असतात. खोलीत असते ती परिचारिका. तिचे हात त्या क्षणी काय करतात, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

तेव्हा या हातांना शिकवावयाचे कसे, हा प्रश्न केवळ आरोग्य खात्याचा राहत नाही. शासनाच्या प्रत्येक खात्यात प्रशिक्षण वर्ग, कार्यशाळा, चर्चासत्रे व उजळणी वर्ग सतत भरत असतात. त्यांचा प्रत्यक्ष कामावर काय परिणाम होतो, याचा शोध मात्र रुग्णालयांनी जितक्या कसोशीने घेतला आहे, तितका अन्य क्षेत्रांत क्वचितच घेतला गेला असेल. कारण उघड आहे. येथे चूक झाली तर ती फाइलीत राहत नाही.

वर्ग कसा भरतो?

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्राशी त्याचा संबंध बातमीपुरताच आहे. तथापि नोकरीच्या निमित्ताने अनेक प्रशिक्षण वर्गांच्या उद्घाटनास उपस्थित राहण्याचा योग त्यास आला. दीपप्रज्वलन होते, पुष्पगुच्छ दिले जातात, प्रमुख पाहुणे उशिरा येतात व लवकर जातात. चहापानानंतर पडद्यावर चित्रे दाखवीत व्याख्याने होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रश्नपत्रिका सोडविली जाते, अभिप्रायाचे अर्ज भरले जातात, समूह छायाचित्र निघते आणि प्रमाणपत्रे हाती पडतात. मग आम्ही प्रसिद्धिपत्रक काढतो: 'जिल्ह्यात इतके कर्मचारी प्रशिक्षित.' त्या पत्रकातील आकडा खरा असतो, पण तो हजेरीपटाचा आकडा असतो.

अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्यासाठी चार पायऱ्या सुचविल्या होत्या. प्रशिक्षणार्थींना वर्ग आवडला काय, ही पहिली. ते काही शिकले काय, ही दुसरी. परत गेल्यावर त्यांचे काम बदलले काय, ही तिसरी. आणि त्या बदलामुळे संस्थेचे उद्दिष्ट साधले काय, ही चौथी. अभिप्रायाचा अर्ज पहिल्या पायरीवर संपतो व प्रश्नपत्रिका दुसऱ्या. रुग्णाला मात्र तिसऱ्या व चौथ्या पायरीशीच कर्तव्य असते. या दोन जोड्यांमधील अंतर किती मोठे असू शकते, हे टांझानियातील एका रुग्णालयाने दाखवून दिले आहे.

हायडमचा अनुभव

टांझानियाच्या उत्तर भागात हायडम नावाचे एक ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर, मनुष्यबळ तुटपुंजे, प्रसूती पुष्कळ. आपल्याकडील दुर्गम तालुक्याशी त्याचे साम्य सहज जाणवावे. नवजात बालकाला श्वास घेण्यास मदत करण्याचा, 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' या नावाचा एक सुटसुटीत अभ्यासक्रम २०१० साली तयार झाला. त्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण हायडमच्या कर्मचाऱ्यांना त्याच वर्षी देण्यात आले. सरावासाठी एक बाहुला वापरला जातो. त्याच्या आत कोमट पाणी भरले, की हातात घेतल्यावर तो खऱ्या बाळासारखा जड व लोंबता लागतो. त्याची छाती फुगते की नाही यावरून हवा नीट जाते की नाही, हे शिकणाऱ्यास स्वतःलाच समजते.

प्रशिक्षणापूर्वी आणि त्यानंतर सात महिन्यांनी अशी दोनदा कर्मचाऱ्यांची बाहुल्यावर परीक्षा घेण्यात आली. पुनरुज्जीवनाच्या परीक्षेत पूर्वी शेकडा १८ जण उत्तीर्ण झाले होते, नंतर शेकडा ७४ झाले. सात महिन्यांनंतरही एवढे लक्षात राहिले, याबद्दल कोणत्याही प्रशिक्षण केंद्राने समाधान मानावे. परंतु तेथील संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. प्रसूतिगृहात निरीक्षक नेमून प्रत्यक्ष जन्मणाऱ्या बालकांची नोंद ते आधीपासूनच ठेवीत होते. त्या नोंदी पाहता असे आढळून आले, की खऱ्या बाळाच्या बाबतीत कर्मचाऱ्यांच्या कृतीत काहीच फरक पडलेला नव्हता. बाहुल्यापुढे उत्तीर्ण झालेले हात बाळापुढे पूर्वीसारखेच चालत होते.

प्रांजळपणे सांगावयाचे तर असा निष्कर्ष छापण्यास धैर्य लागते. आपल्याकडे बहुधा अहवालात पहिलाच आकडा दिला गेला असता व दुसऱ्या वर्गासाठी अनुदान मागितले गेले असते.

हायडमने वर्गाची पद्धतच बदलली. एक दिवसाच्या शिक्षणाला जोडून प्रसूतिगृहातच, कामाच्या वेळेतच, दर आठवड्यास तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू करण्यात आला. बाहुला प्रसूतिगृहातच ठेवला गेला. व्याख्यान नाही, प्रवासभत्ता नाही, कोणास कामावरून मोकळे करावयाचे नाही. पुढील वर्षभरात जन्मतःच अंग चोळून चेतना देण्याचे प्रमाण वाढले, आणि त्यामुळेच असावे, अंबू बॅग लावण्याची वेळ कमी बालकांवर आली. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतील मृत्यूचे प्रमाण दर हजारी ११.१ वरून ७.२ पर्यंत खाली आले. माणसे तीच, रुग्णालय तेच, अभ्यासक्रमही तोच. फरक होता तो सराव कोठे व किती वेळा होतो, एवढ्याचाच.

पाढे आणि भाकरी

शिक्षक वाचकांना यात नवल वाटणार नाही. दोन दिवसांच्या चर्चासत्रात कोणी मुलांना पाढे शिकवीत नाही. संध्याकाळची परवचा रोज म्हटली जात असे, आणि म्हणूनच सतरा नव्वे किती हे विचारताच उत्तर तोंडून निघे. भाकरी थापण्यावरील व्याख्यान कितीही विद्वत्तापूर्ण असले, तरी ऐकणाऱ्याची पहिली भाकरी परातीतच फाटावयाची. हाताचे ज्ञान हातानेच मिळते व न वापरल्यास हातातूनच जाते.

नवजात बालकाच्या बाबतीत अडचण अशी, की अंबू बॅग लावण्याचा प्रसंग वारंवार येत नाही. महिन्याला वीस-पंचवीस प्रसूती होणाऱ्या केंद्रात, पाळ्यांचा विचार करता, एकेका परिचारिकेच्या वाट्याला असे बाळ कित्येक महिन्यांत एखादे येईल. जे क्वचित करावे लागते आणि करावे लागते तेव्हा एका मिनिटात करावे लागते, त्याचा सराव खऱ्या प्रसंगावर सोडून चालत नाही. शिवाय त्या क्षणी भीती असते. बाळ निळसर पडलेले, आई विचारते आहे, बाहेर नातेवाईक दाराशी उभे. अशा वेळी आठवून केलेली कृती नव्हे, तर अंगवळणी पडलेली कृतीच कामास येते.

दुसरी अडचण साधनांची. काही वर्षांपूर्वी बातमीच्या निमित्ताने एका ग्रामीण रुग्णालयात जाणे झाले. तेथील परिचारिका नवजात बालकांच्या प्रशिक्षणास जाऊन आल्या होत्या व ते प्रशिक्षण त्यांनी मनापासून घेतले होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते. अंबू बॅग पाहावयास मागितली, तेव्हा ती कपाटात असून किल्ली इन्चार्ज सिस्टरांकडे आहे व त्या रजेवर आहेत, असे समजले. कारण विचारता एक सिस्टर म्हणाल्या, "साहेब, डेडस्टॉकला नोंद आहे तिची. फाटली, हरवली, तर भरून कोण देणार?" या उत्तरात निष्काळजीपणा नव्हता; उलट हिशेबाची काळजीच होती. परंतु वर्गात शिकविलेले सुवर्ण मिनिट त्या कपाटाच्या कुलुपाशी संपत होते. प्रशिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम हे कुलूप उघडू शकत नाही. ते काम कार्यालयीन आदेशाचे आहे.

जिनिव्हातील बाटली

साधन हाताशी असण्याचे महत्त्व हात धुण्याच्या बाबतीत अधिक स्पष्टपणे सिद्ध झाले आहे. हात न धुता रुग्णास स्पर्श केल्याने रोग पसरतो, ही गोष्ट व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखवून दिली होती. म्हणजे येथे अज्ञानाचा प्रश्नच उरलेला नाही. तरीही जिनिव्हा विद्यापीठाच्या रुग्णालयात १९९४ साली पाहणी केली असता, ज्या ज्या वेळी हात स्वच्छ करावयास हवे होते त्यांपैकी शेकडा ४८ वेळाच ते केले जात असल्याचे आढळले. दिदिए पितेत व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ व्याख्याने न वाढविता प्रत्येक खाटेजवळ अल्कोहोलयुक्त द्रावणाची बाटली ठेवली, भिंतींवर सतत बदलणारी चित्रफलके लावली आणि पाहणीचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना वेळोवेळी सांगितले. १९९७ पर्यंत प्रमाण शेकडा ६६ झाले. रुग्णालयात आल्यावर जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण याच काळात शेकडा १६.९ वरून ९.९ वर आले.

या पाहणीतील एक तपशील मुद्दाम नमूद करावासा वाटतो. सुधारणा परिचारिका व त्यांच्या मदतनिसांत झाली. डॉक्टर मंडळींत ती फारशी झाली नाही. प्रशिक्षणाच्या याद्या तयार करताना कनिष्ठांची नावे प्रथम घालण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी यावरून प्रत्येकाने आपापला विचार करावा.

उत्तर प्रदेशातील धडा

सराव आणि साधने यांबरोबर देखरेख जोडली, म्हणजे काम झाले, असे येथवरच्या विवेचनावरून कोणास वाटेल. ते पुरते खरे नाही. याचा प्रत्यय आपल्याच देशात, उत्तर प्रदेशात झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून आला. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक व भारतीय संस्था यांनी तेथील २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रे निवडली. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणी सूची त्यांपैकी ६० केंद्रांत वापरात आणली, व तेथील कर्मचाऱ्यांना कामाच्या जागी मार्गदर्शन करण्यासाठी परिचारिका मार्गदर्शक आठ महिने ठरावीक भेटी देत राहिल्या. प्रारंभी या भेटी वारंवार होत, पुढे विरळ होत गेल्या. दीड लाखांहून अधिक माता व बालकांची माहिती गोळा करण्यात आली आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रसूतीच्या वेळी करावयाच्या १८ आवश्यक गोष्टींपैकी सरासरीने किती केल्या जातात, हे पाहिले गेले. दोन महिन्यांनी मार्गदर्शन मिळालेल्या केंद्रांत हे प्रमाण शेकडा ७३, तर इतर केंद्रांत ४२ होते. बारा महिन्यांनी, म्हणजे मार्गदर्शक येणे बंद झाल्यानंतर काही महिन्यांनी, ते ६२ व ४४ असे आढळले. म्हणजे कामात सुधारणा झाली, देखरेख थांबल्यावर ती काही अंशी ओसरली, तरी बरीच टिकली. कर्कपॅट्रिक यांची तिसरी पायरी येथे निश्चित गाठली गेली. परंतु मातेचा मृत्यू, बालकाचा मृत्यू वा मातेस गंभीर विकार, यांचे एकत्रित प्रमाण एका गटात शेकडा १५.१ व दुसऱ्यात १५.३ राहिले. चौथ्या पायरीवर फरक शून्य.

या निकालाने अनेकांची निराशा झाली. पण तो नीट वाचावयास हवा. या उपक्रमात सूची व मार्गदर्शन होते; नवीन औषधे, उपकरणे किंवा हाताच्या कौशल्याचे स्वतंत्र प्रशिक्षण त्यात समाविष्ट नव्हते. अंबू बॅग जवळ ठेवली आहे काय, हे सूची विचारते. ती तोंडावर घट्ट कशी बसवावयाची, हे ती शिकवू शकत नाही. रक्तस्राव थांबेना, तर मातेला पुढे कोठे पाठवावयाचे आणि तेथे रक्त मिळेल काय, हे तर त्या केंद्रातील परिचारिकेच्या हातीच नसते. कर्मचाऱ्याची कार्यक्षमता ही एका मर्यादेपर्यंतच त्याची स्वतःची असते. त्यापुढे ती औषध भांडाराची, रुग्णवाहिकेची आणि वरच्या रुग्णालयाचीही असते. सगळा दोष 'कर्मचारी प्रशिक्षित नाहीत' या एका वाक्यावर टाकून वर्गांची संख्या वाढविणे सोपे जाते, म्हणूनच ते वारंवार केले जाते.

गडचिरोलीच्या ग्रामीण स्त्रिया

रुग्णालयांचा विषय असताना गावाचे उदाहरण देणे थोडे वेगळे वाटेल. परंतु प्रशिक्षण म्हणजे काय, याचा वस्तुपाठ आपल्या राज्यात आहे, तो गाळता येत नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९५ पासून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. थोड्याशा शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना त्यासाठी तयार करण्यात आले. जन्मानंतरचे श्वासाचे साहाय्य, बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, इतकी कामे त्या करू लागल्या. प्रयोगापूर्वी दर हजारी ६२ असलेले नवजात मृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धती देशभर स्वीकारण्यात आली.

येथे वर्ग एकदाच घेऊन संपविला गेला नव्हता. शिक्षण टप्प्याटप्प्याने झाले, आणि डॉक्टर दर पंधरवड्यास गावात जाऊन नोंदी पडताळीत, चुका तेथल्या तेथे दुरुस्त करीत. औषध व साधन त्या स्त्रीच्या पिशवीत असे, कुलपात नसे. या पिशवीचा व पंधरवड्याच्या भेटीचा उल्लेख सत्कार समारंभांतील भाषणांत फारसा होत नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

नवजात बालकांच्या पुनरुज्जीवनाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' या नावाने २००९ पासून दिले जात आहे. २०१५ च्या 'दक्षता' उपक्रमात प्रशिक्षणानंतरच्या मार्गदर्शक भेटींचा समावेश झाला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिगृहातील कर्मचाऱ्यांची प्रत्यक्ष कौशल्य चाचणी घेण्याची तरतूद आहे. म्हणजे धोरणाने वर्गातून प्रसूतिगृहात पाऊल टाकले आहे. प्रश्न आहे तो अंमलबजावणीतील लहानसहान बाबींचा, आणि त्यांतील बहुतेक आरोग्य खात्याबाहेरच्या माणसासही विचारता येण्याजोग्या आहेत.

पंचायत समितीचे वा जिल्हा परिषदेचे जे सदस्य रुग्ण कल्याण समितीवर आहेत, त्यांनी बैठकीत 'किती कर्मचारी प्रशिक्षित झाले' असे विचारण्याऐवजी 'सरावाचा बाहुला कोठे ठेवला आहे व तो शेवटचा केव्हा वापरला गेला' असे विचारून पाहावे. बाहुला जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रात असेल, तर तालुक्यातील हातांना त्याचा उपयोग नाही. अंबू बॅग व तिचे दोन्ही आकाराचे मास्क बाळ ठेवावयाच्या वॉर्मरशेजारी उघडे असावेत. एक जादा संच समितीच्या निधीतून घेता आला, तर जुना फाटण्याची धास्तीही उरत नाही. प्रसूतिगृहात तयार झालेल्या परिचारिकेस फेरबदलात तीन महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागात पाठविले जाते, तेव्हा तिच्यावर झालेला खर्च कागदावरच शिल्लक राहतो. जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी किमान काही काळ अशी बदली टाळण्याचा विचार करावयास हवा. अर्थात मनुष्यबळ अपुरे असताना हे नेहमी साधेलच, असे नाही.

रात्रपाळीचा प्रश्न वेगळा आहे. मार्गदर्शक भेटी दिवसा होतात, तपासणी पथके दिवसा येतात, आणि कोठेही कार्यशाळा रात्री भरत नाही. बाळे मात्र चोवीस तास जन्मतात. पाळी बदलताना सायंकाळी आलेल्या परिचारिकेने व निघणाऱ्या परिचारिकेने मिळून पाच मिनिटे बाहुल्यावर हात फिरविला, बॅग दाबून मास्कमधून हवा गळते काय ते पाहिले व पाळीच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली, तर त्यास कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागत नाही. नोंदवहीत त्यासाठी स्वतंत्र रकाना नाही, ही सबब सांगितली जाईल. तो पट्टीने आखून घेता येतो.